पुणे महापालिकेविषयी तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

गेली काही वर्षं सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी, नऱ्हे या भागातली मंडळी मला महापालिकेविषयी विचारत आली आहेत. कोणी बिलाचा फोटो पाठवतं, कोणी झाडाच्या खोडावर डकवलेल्या नोटिशीचा. तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. नदी आणि टेकडीबद्दल माझं ठाम मत आहे आणि ते मी झाकलेलं नाही, पण जिथे मत आहे तिथे तसं म्हटलं आहे. कराच्या मुदती दरवर्षी पुढे-मागे होतात, तेव्हा पैसे भरण्याआधी चालू वर्षाचं परिपत्रक जरूर बघा.

१. महापालिकेत निर्णय नक्की घेतं कोण? महापौर की आयुक्त?

दोघांची कामं वेगळी आहेत. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि तिचा कारभार १९४९ च्या महापालिका कायद्यानुसार चालतो. धोरण ठरवते ती नगरसेवकांची मुख्य सभा. मोठ्या खर्चाला आणि निविदांना मान्यता देते ती १६ जणांची स्थायी समिती. अंमलबजावणी करतो आयुक्त, म्हणजे राज्य सरकारने नेमलेला आयएएस अधिकारी. महापौर मुख्य सभेचे अध्यक्ष असतात, शहराचा चेहरा असतात, मुदत अडीच वर्षांची. पण तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे नसते.

म्हणून "महापौरांनी आश्वासन दिलं" अशी बातमी वाचलीत की पुढचा प्रश्न असा विचारा: स्थायी समितीत विषय आला का? अंदाजपत्रकात तरतूद आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर ते काम अजून कागदावरही आलेलं नाही.

२. मुख्य सभेने एकदा ठराव केला की तो पक्का ना?

नाही. कायद्याच्या कलम ४५१ नुसार राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकतं. "विखंडित" हा शब्द बातमीत दिसला की समजा, पुण्याचा निर्णय मुंबईत रद्द झाला. मिळकतकरातल्या ४० टक्के सवलतीचं जे रामायण झालं (प्रश्न ६), त्याची सुरुवात इथूनच झाली.

३. मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हाचे निर्णय वैध आहेत का?

वैध आहेत. आधीच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे मुदत वाढवून दिली आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ला पुण्यात मतदान झालं. या काळात विक्रम कुमार, राजेंद्र भोसले आणि नवल किशोर राम या तीन आयुक्तांनी प्रशासक म्हणून मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार वापरले.

एकच व्यक्ती प्रस्ताव मांडते आणि तीच मंजूर करते, असं ते चित्र होतं. अधिकारी चांगला की वाईट हा मुद्दा नाही. ज्या सभागृहात कोणीतरी उठून "हे कशासाठी?" असं विचारायचं, ते सभागृहच जवळजवळ चार वर्षं बंद होतं. २०२५-२६ चं १२,६१८ कोटी रुपयांचं अंदाजपत्रकसुद्धा नगरसेवकांच्या चर्चेविना मंजूर झालं. मला हे लोकशाहीचं मोठं नुकसान वाटतं.

प्रशासकांच्या काळातला एखादा निर्णय बदलून हवा असेल, तर आता नगरसेवकांकरवी मुख्य सभेत ठराव आणता येतो.

४. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. काम कोणाकडे न्यायचं?

चौघांपैकी कोणाकडेही. पुण्यात १६५ जागा आणि ४१ प्रभाग आहेत. ४० प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. मतपत्रिकेवरचे अ, ब, क, ड हे गट आरक्षणासाठी असतात, भागवाटणीसाठी नाही. "तुमची गल्ली माझ्याकडे येत नाही" असं कोणी म्हणालं, तर ती त्यांच्यातली आपसातली सोय असते, तसा नियम नाही.

आमच्याकडे अनुभवाने एक पद्धत ठरली आहे: अर्ज एकच लिहायचा, त्यावर चौघांची नावं घालायची आणि प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना द्यायची. पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

५. मेट्रो, पीएमपी, हिंजवडीचा मार्ग यांची तक्रार महापालिकेत चालते का?

मेट्रोची नाही. वनाज–रामवाडी आणि पिंपरी चिंचवड–स्वारगेट या मार्गिका महामेट्रोच्या आहेत, हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. पीएमपीचं उत्तर अर्धं हो असं आहे: पुणे आणि पिंपरी चिंचवडची बससेवा एकत्र करून २००७ मध्ये वेगळी कंपनी झाली, पण तिची तूट दोन्ही महापालिका ६०–४० प्रमाणात भरून काढतात. ६० टक्के वाटा पुण्याचा. जून २०२५ मध्ये किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं, तेव्हा म्हणूनच नागरिकांनी महापालिकेलाही जाब विचारला, आणि ते योग्यच होतं. फूटपाथ, गटार, रस्त्यावरचे दिवे मात्र निर्विवाद महापालिकेचे.

६. मिळकतकरातली ४० टक्के सवलत नक्की कोणाला मिळते?

ज्या निवासी मिळकतीत मालक स्वतः राहतो, तिला. ही सवलत पुण्यात १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने २०१८ मध्ये मूळ ठराव विखंडित केला आणि हजारो घरांची बिलं अचानक फुगली. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ मध्ये सरकारने सवलत पुन्हा लागू केली. मात्र देखभाल-दुरुस्तीपोटी पूर्वी १५ टक्के वजावट मिळायची ती १० टक्के झाली. बिल आधीपेक्षा थोडं जास्त का दिसतं, असं विचारणाऱ्यांना हे त्याचं कारण.

आणखी एक गैरसमज बराच पसरलेला आहे. ४० टक्के सवलत बिलाच्या शेवटच्या आकड्यावर मिळत नाही. घराचं जे वार्षिक करपात्र मूल्य काढतात, त्यावर ती मिळते, आणि मग उरलेल्या मूल्यावर कर बसतो.

७. मी पीटी-३ अर्ज भरलाच नाही. आता सवलत गेली का?

कायमची गेली असं समजू नका. १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या मिळकतींना आणि ज्यांची सवलत काढून घेतली होती त्यांना स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. मुदती अनेकदा वाढवल्या गेल्या. जो अर्ज देत नाही त्याला पूर्ण दराने बिल येतं, म्हणून थांबण्यात नुकसान तुमचंच आहे. सोसायटीचं पत्र आणि त्याच पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅसचं पुस्तक किंवा शिधापत्रिका असे कागद लागतात.

माझ्या आईच्या सदनिकेचा अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला होता. एकदा सोसायटीच्या पत्रावर तारीख नव्हती म्हणून, दुसऱ्यांदा वीजबिल वडिलांच्या नावावर होतं म्हणून. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. पंच्याहत्तरीच्या बाईला तिसऱ्यांदा जिने चढायला लावणं मला सहन झालं नाही, म्हणून तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: अर्ज देण्याआधी करआकारणीच्या नोंदीतलं नाव, वीजबिलावरचं नाव आणि सोसायटीच्या भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेट) नाव जुळवून घ्या. मालक वारले असतील तर आधी नाव बदलून घ्या, मग सवलतीच्या मागे लागा.

८. घर भाड्याने दिलंय, किंवा माझी दोन घरं आहेत. तरी सवलत मिळेल?

भाड्याच्या घराला नाही. दोन घरं असतील तर ज्यात तुम्ही राहता त्याला मिळते. दुसरं बंद असलं तरी "मी अधूनमधून जातो" हे कारण चालत नाही. घराच्या एका खोलीत क्लास किंवा दवाखाना असेल, तर तेवढ्या भागाची आकारणी बिगरनिवासी दराने होते, बाकीचं निवासी राहतं. भाडेकरू सोडून गेला आणि तुम्ही स्वतः राहायला आलात, तर प्रश्न ७ मधला अर्ज त्याच वेळी द्या. मागच्या वर्षांसाठी भांडत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

९. कर लवकर भरला तर किती वाचतात? आणि अभय योजनेची वाट पाहावी का?

साधारणपणे मेअखेरपर्यंत भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. ही मुदत बरेचदा जूनपर्यंत वाढते. सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी वेगळी सूट आहे. मुदत चुकली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला चोवीस.

अभय योजनेत शास्तीचा मोठा भाग माफ होतो, मूळ कर माफ होत नाही. ती कधी येईल, कोणाला लागू होईल, याचा भरवसा नाही. वेळेवर भरणाऱ्या माणसाला चार पैशांची सूट आणि वर्षानुवर्षं थकवणाऱ्याला शास्तीत मोठी माफी, यावर दर वेळी वाद होतो. मला तो वाद रास्त वाटतो. पगारातून महिन्याचे पैसे बाजूला काढून पहिल्या आठवड्यात कर भरणारी पेन्शनर मंडळी मी रोज बघते. त्यांच्यावर हा अन्याय आहे.

१०. आमचं गाव महापालिकेत आलं, कर वाढला, पण पाणी टँकरचंच. हे कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात कळकळीने विचारला जाणारा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरी, उंड्री, शिवणे, आंबेगाव, लोहगावचा उरलेला भाग अशी ११ गावं आली. ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला यांच्यासह आणखी २३ गावं आली. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं. हद्द एका अधिसूचनेने वाढली. जलवाहिनी, मैलावाहिनी आणि टाक्या अधिसूचनेने वाढत नाहीत. त्यातून २३ गावांच्या बांधकाम परवानग्या पीएमआरडीएकडेच ठेवल्या गेल्या. म्हणजे इमारती एकाने मंजूर करायच्या आणि त्यांना पाणी दुसऱ्याने द्यायचं.

याची किंमत काय असते ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात मोठ्या संख्येने सापडले. धरण डोळ्यांसमोर, आणि तिथल्या लोकांना जलशुद्धीकरण केंद्राचं नव्हे, तर विहिरीतलं फक्त निर्जंतुक केलेलं पाणी मिळत होतं. आमच्या इमारतीत त्या महिन्यात प्रत्येक घरात पाणी उकळलं जात होतं, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्यांना रात्री झोप नव्हती.

करापुरतं सांगायचं तर समाविष्ट गावांत तो एकदम महापालिकेच्या पूर्ण दराने लावता येत नाही. पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने तिथवर न्यायचा असतो. तुमच्या बिलात गाव कोणत्या वर्षी समाविष्ट झालं हे चुकलं असेल, तर टप्पाही चुकतो. ते आधी तपासा. ग्रामपंचायतीच्या शेवटच्या कराची पावती जपून ठेवा, हरकतीत तीच कामाला येते.

११. फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेत आहेत की नाहीत?

२०१७ मध्ये आली होती, २०२४ मध्ये वगळली गेली. आता त्यांची स्वतंत्र नगरपरिषद आहे. पुण्याचा कचरा ज्या डेपोवर वर्षानुवर्षं पडला तो इथलाच, म्हणून हे वगळणं फक्त कराच्या ओझ्यामुळे झालं असं म्हणता येत नाही. त्यामागे जुनं दुखणं आहे. महापालिकेच्या काळातली थकबाकी दाखवणारं बिल आलं असेल, तर आधी कोणत्या तारखेपर्यंतची मागणी आहे ते लेखी विचारा आणि मगच भरा. पूर्वेकडच्या भागासाठी हडपसरची वेगळी महापालिका करावी ही मागणीही जुनी आहे. तसा निर्णय राज्य सरकारच घेऊ शकतं.

१२. खडकवासला भरलं की बातमी येते, मग आमच्याकडे एक दिवसाआड का?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते सगळं पुण्याचं नाही. दौंड, इंदापूरच्या शेतीलाही त्याच साखळीतून कालव्याने पाणी जातं. शहराला जुन्या करारात ११.५ टीएमसी मंजूर होतं आणि त्याबरोबर अट होती की साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीसाठी परत द्यायचं. शहर मंजुरीपेक्षा खूप जास्त पाणी उचलतं आणि शुद्ध करून तेवढं परत देत नाही, म्हणून जलसंपदा विभाग आणि महापालिका यांचं भांडण दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पेटतं.

पाणी कमी आहे हे अर्धंच खरं. मध्यवस्तीत भरपूर येतं, कडेच्या भागात थेंबही पोचत नाही, आणि जुन्या वाहिन्यांतून बरंच गळून जातं. ही असमानता मोडायला समान पाणीपुरवठा योजना आणली.

१३. समान पाणीपुरवठा योजना म्हणजे चोवीस तास पाणी ना? मग मीटर बसवून बिल वाढवणार का?

उद्देश तोच होता: शहराचे विभाग पाडायचे, टाक्या बांधायच्या, वाहिन्या बदलायच्या, प्रत्येक जोडणीला मीटर लावून गळती शोधायची. त्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली. काम मात्र ठरलेल्या मुदतीच्या बरंच मागे पडलं.

घरगुती पाणीपट्टी आजवर मिळकतकराच्या बिलातूनच, करपात्र मूल्यानुसार येत आली आहे. मीटर लावला म्हणून लगेच वापरानुसार बिल येतं असं नाही. तसं करायचं तर मुख्य सभेला दर ठरवावे लागतील. मीटरला विरोध करणाऱ्या सोसायट्यांना मी इतकंच सांगते: मीटरचा आकडा नसेल तर तुमच्याकडे पाणी कमी येतं हे तुम्ही सिद्ध कशाने करणार? हरकत मीटरला नको. दराच्या ठरावाला घ्या, तो विषयपत्रिकेवर येईल तेव्हा (प्रश्न १९).

१४. नदीवर एकाच वेळी दोन प्रकल्प का चालू आहेत?

लोक हे दोन सतत एकमेकांत मिसळतात, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला मुळा-मुठा शुद्धीकरणाचा, ज्याला सगळे "जायका" म्हणतात. जपानच्या कर्जातून केंद्राने मंजूर केलेला, २०१६ मध्ये करार झालेला, मूळ किंमत सुमारे ९९० कोटी. ११ सांडपाणी प्रकल्प, रोजची एकूण क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. जुन्या केंद्रांची कागदावरची क्षमता ४७७ दशलक्ष लिटर होती, त्यात ही भर. काम सुरू व्हायलाच वर्षं गेली.

दुसरा नदीकाठ सुधारणेचा. मुळा २२.२, मुठा १०.४ आणि मुळा-मुठा ११.८ असा एकूण ४४.४ किलोमीटरचा काठ, अंदाजे ४,७२७ कोटी रुपये. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि संगम पूल ते बंडगार्डन, बंडगार्डन ते मुंढवा या टप्प्यांत काम सुरू झालं. त्यात भराव, दगडी बांध, चालायला रस्ते, बागा आहेत.

माझं मत: क्रम उलटा झाला. संगमावर उभं राहून श्वास घ्यावा लागतो, मग कळतं की लोकांना आधी काय हवं आहे. पाणी स्वच्छ झालं तर माणसं काठावर आपोआप येतील.

१५. नदीकाठच्या प्रकल्पाने पूर वाढेल का?

यावरच खरा वाद आहे. महापालिकेचं म्हणणं, पात्राची वहनक्षमता वाढेल. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं, भरावामुळे पात्र अरुंद होईल आणि काठावरची झाडं, दलदल, पक्ष्यांच्या जागा जातील. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, एप्रिल २०२३ मध्ये शेकडो पुणेकर "चिपको" म्हणत रस्त्यावर उतरले.

तुम्ही स्वतः एक गोष्ट तपासा: तुमची इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे का? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. विसर्ग किती करायचा हे जलसंपदा विभाग ठरवतो. लोकांना वेळेत उठवणं आणि हलवणं महापालिकेचं काम. त्या पहाटे ओळखीच्या एका कुटुंबाने कंबरभर पाण्यातून आजोबांना खुर्चीसकट वर नेलं. भोंगा वाजला नव्हता.

१६. टेकडीवर बांधकाम चालतं का? आणि बालभारती–पौड फाटा रस्त्याचं काय?

टेकड्यांवर दोन वेगळे नियम लागतात. जुन्या हद्दीत डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग. १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांत जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, सुमारे ९७८ हेक्टरवर. (ही २३ गावं वेगळी आणि २०२१ ची २३ वेगळी. बातम्या वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.) उद्यानाच्या आरक्षणात बहुतांश जमीन खासगी आहे, मोबदला पुरेसा नाही म्हणून मालक नाराज आहेत आणि दरम्यान टेकडीच्या पायथ्याने बेकायदा बांधकामं वर सरकत आहेत. मोबदल्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय टेकड्या वाचणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

बालभारती–पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता वेताळ टेकडीच्या उतारावरून जातो. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी फुटेल असा महापालिकेचा दावा आहे. टेकडीप्रेमींचा आक्षेप भूजलावर, झाडांवर आणि मुळात कोंडी सुटेल का यावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी मोठा मोर्चा निघाला होता. रोज पहाटे चढणारी माणसं त्यात होती, तशी कधीही न चढलेलीही होती.

१७. झाड तोडण्याची नोटीस झाडावर लागली आहे. हरकतीला किती दिवस आहेत?

सात दिवस, म्हणून फोटो काढा आणि त्याच दिवशी उद्यान विभागाकडे लेखी हरकत द्या. हरकतीत झाडाचा क्रमांक, जात, अंदाजे वय आणि "पुनर्रोपण शक्य आहे का" हा प्रश्न घाला. ५० वर्षांपेक्षा जुनी झाडं २०२१ च्या दुरुस्तीनुसार वारसा वृक्ष ठरतात. तसं झाड असेल तर पहिल्याच ओळीत लिहा.

१८. कचऱ्यासाठी कर भरतो, मग दारात येणाऱ्या ताईंना वेगळे पैसे का?

कारण ते त्यांचं उत्पन्न आहे. कचरावेचकांच्या संघटनेतून उभ्या राहिलेल्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला. दारातून कचरा गोळा करणाऱ्या सेवकाला महापालिकेचा पगार नाही. घरटी शुल्क आणि भंगाराची विक्री यांवर त्यांचं घर चालतं. कराच्या पैशातून पुढची वाहतूक आणि प्रक्रिया होते. ओला-सुका वेगळा देणं आणि सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून खूण करून देणं, एवढं आपण करू शकतो.

अपवाद: रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो. तुमच्याकडे खताचा प्रकल्प असला, तरी सुका कचरा नेणाऱ्याचं शुल्क द्यावंच लागतं.

१९. हरकती-सूचना देऊन काही होतं का? कशी द्यायची?

होतं, जर वेळेत आणि नेमकी दिली तर. विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार महिन्याभराची मुदत द्यावी लागते. "आमचा विरोध आहे" एवढं लिहू नका. सर्वेक्षण क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, तुमच्यावर होणारा परिणाम आणि तुम्हाला हवा असलेला पर्याय, असं लिहा. सुनावणीला बोलवा असं शेवटी स्पष्ट मागा. शंभर जणांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत दिलेला जड जातो.

स्थायी समितीची सभा आठवड्याला होते आणि विषयपत्रिका आधी निघते. तुमच्या भागाचा विषय दिसला, तर सभेच्या आधी समितीतल्या सदस्याला दोन ओळींचं पत्र द्या. ठराव झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ते दसपट उपयोगी आहे.

२०. नागरिक अंदाजपत्रकात काम सुचवू शकतात हे खरं आहे?

हो, २००६-०७ पासून. पावसाळ्याच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयं अर्ज मागवतात. पदपथ, बाक, बसथांबा, दिवे, उद्यानाची दुरुस्ती अशी आपल्या प्रभागातली छोटी कामंच त्यात बसतात. उड्डाणपूल सुचवू नका. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकात तुमचं काम आलं आहे का ते पाहा, नसेल तर कारण विचारा.

२१. तक्रार "निकाली" दाखवली, पण खड्डा तसाच आहे.

पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार-सेवेवर तीच तक्रार पुन्हा उघडा, तारखेसह नवा फोटो जोडा, आणि मग माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: तक्रार कोणत्या अहवालावरून बंद केली, आणि जागेवर कोण गेलं होतं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. अनेकदा अर्जाची पोच मिळाल्याच्या आठवड्यात डांबराची गाडी येते.

२२. पार्किंगचं धोरण झालं होतं ना? आणि बीआरटी काढली कशी?

मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने सशुल्क पार्किंग आधी पाच रस्त्यांपुरतं मंजूर केलं. अंमल झाला नाही. बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर २००६ मध्ये सुरू झाली होती. नगर रस्त्यावरची मार्गिका कोंडीच्या तक्रारींनंतर काढून टाकली. बसला स्वतंत्र जागा नाही आणि खासगी गाडीला फुकट जागा आहे, असं दोन्ही मिळून झालं आहे. रोज बसने जाणाऱ्यांचा आवाज या दोन्ही निर्णयांत कमी पडला.

२३. मी कॅम्पात राहते. यातलं मला काय लागू होतं?

जवळजवळ काहीच नाही. पुणे आणि खडकी कटक मंडळं (कॅन्टोन्मेंट बोर्ड) महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. कर, पाणी, बांधकाम परवानगी सगळं मंडळाकडे आणि वर संरक्षण मंत्रालय. नागरी वस्तीचा भाग महापालिकेत घालायचा प्रस्ताव आहे. तोवर पीटी-३ भरू नका, आणि झाडाची हरकतही मंडळाच्या कार्यालयातच द्या. घर घेताय आणि हद्दीवरची गल्ली असेल, तर जुनं करबिल कोणाच्या नावाने निघालं आहे ते मालकाकडून आधी मागून घ्या. रस्त्याची एक बाजू महापालिकेत आणि दुसरी कटक मंडळात अशा जागा तिकडे आहेत.